जुन्या डिझेल मोटारीचें निदान

पुष्कळ कुटुंबांतून एखादी जुनी डिझेल मोटार अद्याप नांदत आहे. पुण्यास टाटांच्या कारखान्यांत तयार झालेली व १९९८ सालीं बाजारांत आलेली इंडिका ही त्यांपैकीं आमच्या वाचकांच्या विशेष परिचयाची. अशी मोटार सकाळीं चालू होईनाशी झाली, किंवा घाटांत दम टाकूं लागली, म्हणजे घरांतील मंडळींस काळजी पडते. रात्रीं-अपरात्रीं वडील माणसांस रुग्णालयांत न्यावयाचें झाल्यास हिच्यावर विसंबावें कीं नाहीं? अशा वेळीं कारागिराचें उत्तर बहुधा ठरलेलें असतें : "पंप गेला." पंप उतरवून दुरुस्तीस पाठविणें हें मोठ्या खर्चाचें काम. कित्येकदां तो खर्च होऊन पंप परत बसतो, आणि दुखणें होतें तसेंच राहतें. म्हणून या अंकीं आम्ही एवढेंच सांगणार आहों कीं, पंपावर ठपका ठेवण्यापूर्वीं डिझेलच्या वाटेनें टाकीपासून पुढें एकेक पाऊल चालत जावें.

ही वाट प्रथम ध्यानांत घ्यावी. टाकींतील डिझेल नळीवाटे फिल्टरकडे येतें. कचरा व पाणी तेथें मागें राहतें. पुढें इंजेक्शन पंप तें मोठ्या दाबानें प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरकडे धाडतो, आणि उरलेलें परतीच्या नळीनें टाकींत जातें. पेट्रोलच्या इंजिनांतल्याप्रमाणें येथें ठिणगी नसते. दाबल्यामुळें तापलेल्या हवेंत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. रुडॉल्फ डीझेल यांनीं १८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें असें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. परंतु तें लहान वाहनांत बसविण्यास नेमक्या क्षणीं नेमकें डिझेल फवारणारा आटोपशीर पंप हवा होता. असा पंप बॉश कंपनीनें १९२७ सालीं मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला, आणि १९३६ सालीं मर्सिडीज-बेंझची डिझेल मोटार लोकांपुढें आली. या पंपाच्या हलत्या भागांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यांनीं मोजण्याइतकें सूक्ष्म असतें, व जुन्या लहान मोटारींच्या फिरत्या पंपास वंगण मिळतें तेंही डिझेलचेंच. अर्थात् हवा, पाणी व घाण हे त्याचे तीन वैरी होत. आणि हे तिन्ही त्याच्या अलीकडच्या वाटेनेंच आंत येतात.

आतां लक्षणें पाहूं. रात्रभर उभी असलेली मोटार सकाळीं फार वेळ स्टार्टर फिरवावा तेव्हां चालू होते, पण एकदां चालली कीं दिवसभर तक्रार नाहीं, असें असल्यास दोन संशय घ्यावे. पहिला हवेचा. नळीच्या सांध्यांतून हवा शिरली कीं डिझेल रात्रीं टाकीकडे उतरून जातें. फिल्टरपाशीं हातानें दाबावयाचा लहान पंप बहुतेक जुन्या मोटारींत असतो. सकाळीं तो कडक लागेपर्यंत दाबून मग किल्ली फिरवावी. मोटार लगेच सुरू झाली तर दोष हवेचा समजावा. फिल्टर व पंप यांमध्यें हातभर पारदर्शक नळी बसविली म्हणजे बुडबुडे डोळ्यांनींच दिसतात. या बाजूस डिझेल ओढलें जात असल्यानें हवा आंत शिरते, परंतु बाहेर थेंबही गळत नाहीं. म्हणून "कोठें गळत नाहीं" एवढ्यावर समाधान मानूं नये. दुसरा संशय ग्लो-प्लगांचा. हातपंप दाबूनही फरक पडला नाहीं, आणि चालू होतांच पांढरा धूर येऊन थोड्या वेळानें निवळला, तर ते तपासून घ्यावे.

किल्ली फिरवूनही इंजिन मुळींच पेट घेत नसेल, तर पंपावरील विजेच्या झडपेकडे लक्ष द्यावें. किल्ली पुढें करतांच तेथें "टक्" असा बारीक आवाज यावयास हवा. तो न आल्यास पंप उतरविण्यापूर्वीं तिची तार पाहावी. सैल तारेपायीं पंप खोलला जाणें यासारखा व्यर्थ खर्च नाहीं.

सपाटीवर नीट चालणारी मोटार चढावर ओढत नसेल, तर बहुधा तिला डिझेल पुरत नाहीं. टाकीचें झांकण उघडतांच हवा आंत ओढली गेल्याचा आवाज आला व मोटार पुन्हां ओढूं लागली, तर टाकीची हवेची वाट बुजली आहे. तसें नसल्यास फिल्टर बदलावा व त्याच्या तळाशीं सांचलेलें पाणी सोडावें. पावसाळ्यांत अर्धी रिकामी टाकी ठेवल्यास आंत दंव धरतें, आणि पाणी व डिझेल यांच्या सांध्यावर सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर वाढून फिल्टर गुदमरतो.

एवढ्यानेंही उलगडा न झाल्यास निर्णायक परीक्षा करवावी. कारागिराकडून पंपास येणारी व पंपाकडून परत जाणारी अशा दोन्ही नळ्या स्वच्छ डिझेलच्या एका डब्यांत सोडवाव्या. हा डबा तापलेल्या भागांपासून दूर व घट्ट बसवावा. इंजिन नीट चाललें, तर दोष टाकी, नळ्या व फिल्टर यांच्यांतच आहे. न चाललें, तरच पंप, इंजेक्टर किंवा खुद्द इंजिन यांकडे वळावें.

काळा धूर व ठोकल्यासारखा आवाज हीं इंजेक्टर बिघडल्याचीं लक्षणें होत. पण काळा धूर हवेचा फिल्टर तुंबल्यानेंही येतो, म्हणून तो आधीं पाहावा. कोणता इंजेक्टर बिघडला हें पाहण्यास कारागीर एकेक नळी सैल करून इंजिनाचा आवाज ऐकतात. जी सैल केल्यानें फरक पडत नाहीं, तेथें दोष. हें काम घरच्या मुलांनीं कदापि करूं नये. शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाचा तो फवारा कातडी भेदून आंत जातो. जखम सुईच्या टोंकाएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें. उशीर झाल्यास हात गमावण्याची पाळी येते. कॉमन-रेल पद्धतीच्या नव्या मोटारींत दाब याच्या कित्येक पट असतो. तेथें कारागिरानेंही ही युक्ति करूं नये.

जुन्या मोटारीच्या मालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ प्रतीचें, किलोमागें दहा मिलिग्रॅमपेक्षां अधिक गंधक नसलेलें डिझेल मिळूं लागलें. शहराच्या हवेस हें हितकारकच आहे. परंतु डिझेलची घडण पालटली कीं जुनाट रबरी कड्या आकसून गळूं लागतात. अमेरिकेंत १९९३ सालीं कमी गंधकाचें डिझेल आलें तेव्हां हा अनुभव पुष्कळांस आला. पंप बाहेरून ओला दिसूं लागला, तर तो "गेला" असें न समजतां कड्या बदलून पाहाव्या. रॉकेलची भेसळ मात्र पंपाचें वंगणच हिरावून घेते. संशयास्पद ठिकाणचें स्वस्त डिझेल शेवटीं महागच पडतें.

घरांतील एखाद्या चौकस मुलानें किंवा मुलीनें एक वही घालावी. मोटार थंड होती कीं गरम, टाकींत डिझेल किती होतें, धूर कोणत्या रंगाचा, हें दर वेळीं टिपावें. एका वेळीं एकच वस्तू बदलावी, नाहीं तर गुण कशानें आला हें कळत नाहीं. आणि कारागीर पंपाचें नांव घेईल तेव्हां, त्याच्या विद्येचा मान राखून, "कशावरून?" एवढें अवश्य विचारावें. जाणता कारागीर या प्रश्नानें रागावत नाहीं. तो परीक्षा करून दाखवितो.

पुढील अंकीं ग्लो-प्लग व बॅटरी यांचा विचार करूं.