पडदा काळा, यंत्र मुकं

"डिस्प्ले येत नाही."

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळ संगणक दुरुस्तीच्या दुकानापाशी थोडा वेळ उभं राहिलं, तर हे तीन शब्द कानावर पडतातच. सांगणाऱ्याच्या काखेत कॅबिनेट असतं आणि चेहऱ्यावर काच फोडलेल्या पोराचा भाव. काल रात्री त्यानं जास्तीची रॅम बसवलेली असते, नाहीतर नवं ग्राफिक्स कार्ड. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा मात्र काळाच. दुकानातला माणूस मान वर न करता विचारतो, "काय बदललंत?" दुरुस्तीचं निम्मं शास्त्र त्या एका प्रश्नात आहे. उरलेलं निम्मं खरं म्हणजे यंत्रानंच सांगायला हवं. ते सांगणं कसं कमी होत गेलं, हे पाहायचं तर चाळीसएक वर्षं मागं जावं लागतं.

12 ऑगस्ट 1981 रोजी आयबीएमनं आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर, 5150, बाजारात आणला. मालक झाकण उघडणारच, हे त्या यंत्रानं धरूनच ठेवलं होतं. आत कार्डं खोचायला 5 स्लॉट होते. कंपनीच्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटचे नकाशे तर होतेच, शिवाय बायोसचा, म्हणजे यंत्राला जाग आणणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, संपूर्ण मजकूर छापलेला होता. आणि प्रत्येक पेटीत एक स्पीकर होता. बटण दाबलं की यंत्र आधी स्वतःचीच तपासणी करी. सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप. नसेल तर पडद्यावर आकडा: 201 म्हणजे मेमरीत घोळ, 301 म्हणजे कीबोर्ड, 601 म्हणजे फ्लॉपी. पडदाच चालत नसेल तर बीपांची संख्या आणि लांबी बोलत असे. भाषा तुटपुंजी होती, पण होती.

नवा भाग बसवला की यंत्र अडायचं, हे तेव्हाही होतंच. मेमरी वाढवली तर मदरबोर्डवरचे तांदळाएवढे स्विच पेनच्या टोकानं सरकवून 'आता इतकी मेमरी आहे' असं यंत्राला सांगावं लागे. 5150चा वीजपुरवठा होता जेमतेम 63.5 वॉटचा. त्यात हार्ड डिस्क बसवली की तो दम टाकी. 1983 साली आलेल्या एक्सटी या पुढच्या मॉडेलात हार्ड डिस्क आली, तेव्हा वीजपुरवठाही 130 वॉटचा द्यावा लागला. तिसरी अडचण जास्त मासलेवाईक. हार्ड डिस्कच्या कार्डावर स्वतःचा छोटा प्रोग्राम असे, पण 5150च्या सुरुवातीच्या बायोसला असा प्रोग्राम शोधायचा असतो हेच ठाऊक नव्हतं. ऑक्टोबर 1982च्या बायोसमध्ये ती समज आली. त्याआधीचं यंत्र असेल, तर कार्ड धडधाकट, यंत्रही धडधाकट, पण दोघांची ओळखच नाही. उपाय एकच होता, बायोसची चिप बदलणं.

वीज, ओळख आणि ताळमेळ. अपग्रेडनंतर अडलेल्या यंत्राची कारणं आजही बहुतेक वेळा या तिघांतच सापडतात. फक्त आकडे बदलले. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 4090 या एकट्या ग्राफिक्स कार्डाला 450 वॉटपर्यंत वीज लागते, म्हणजे 1981च्या सात संगणकांचा वीजपुरवठा एका कार्डाच्या घशात. 2000 साली पेंटियम 4च्या सुमारास प्रोसेसरसाठी वेगळी चार पिनांची वायर आली. ती जोडायची राहिली की पंखे फिरतात आणि पडदा काळा राहतो. ही चूक पंचवीस वर्षं होत आली आहे आणि आजही कुणीतरी करत असेल. ओळखीचा प्रश्नही तसाच. 2018च्या सुरुवातीला एएमडीचे नवे रायझन प्रोसेसर जुन्या बोर्डाच्या खाचेत नीट बसत, पण जुना बायोस त्यांना ओळखत नसे. बायोस अद्ययावत करायचा तर यंत्र सुरू हवं आणि यंत्र सुरू करायचं तर बायोस अद्ययावत हवा. शेवटी एएमडीनं ग्राहकांना जुना प्रोसेसर उसना पाठवला. पूर्वी चूल विझली की शेजारणीकडून निखारा आणत, त्यातलाच हा प्रकार.

मधल्या काळाचा सूर वेगळा होता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे असेंबल्ड संगणक घरोघरी येऊ लागले, तेव्हा हा त्रास बोटांना होत असे. साउंड कार्ड आणि प्रिंटर एकाच इंटरप्टवर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या एकाच वाटेवर, हक्क सांगत, मग चिमट्यानं जंपर काढून दुसऱ्या पिनांवर लावायचा. वीजपुरवठ्याच्या दोन जोडण्या बोर्डावर शेजारी शेजारी बसत. काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, उलटं झालं तर बोर्ड जळालाच म्हणून समजा. 'काळ्याला काळी' हा मंत्र तेव्हाच्या प्रत्येक जोडणीवाल्याला पाठ होता. मग प्लग अँड प्ले आलं. यंत्रच ओळख पटवील, माणसानं फक्त खोचायचं, असं ते आश्वासन. एप्रिल 1998 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज 98ला स्कॅनर जोडून दाखवताना पडदा निळा झाला आणि सभागृह हसलं. पण तो निळा पडदा निदान काहीतरी म्हणत होता. आमची तक्रार काळ्या पडद्याबद्दल आहे.

कारण यंत्र आतल्या आत बोलायचं थांबलेलं नाही. 1984च्या आयबीएम एटीपासून बायोस तपासणीच्या प्रत्येक टप्प्याचा क्रमांक 'पोर्ट 80' नावाच्या पत्त्यावर लिहीत आला आहे. कुठं अडलं ते बोर्डाला ठाऊक असतं. ते बाहेर दाखवणारा दोन अंकांचा डिस्प्ले किंवा प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स, डिस्क असे चार दिवे मात्र सगळ्याच बोर्डांवर नसतात. कॅबिनेटमधला स्पीकर तर काही रुपये वाचवण्यासाठी गुपचूप गायब झाला. याचा सर्वांत विनोदी परिणाम 2022पासून दिसतो. डीडीआर5 मेमरी घेणारे एएमडीचे एएम5 बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना मेमरीशी जुळवून घेण्यात कधी कधी काही मिनिटं घालवतात. तेवढा वेळ पडदा काळाच असतो. बिघाड काहीच नसतो, पण 'थांबा, काम चालू आहे' एवढं कुणी सांगत नाही. मग माणूस घाबरून बटण दाबतो आणि तो सगळा खटाटोप पहिल्यापासून सुरू होतो. बिघाड आणि काम दोन्ही सारखंच दिसू लागलं, तर ग्राहकानं ओळखायचं कशावरून?

दुकानातल्या माणसाचे हात पाहावेत. तो आधी मुख्य वायर काढतो आणि बटण दाबून उरलीसुरली वीज रिकामी करतो. मग नवं आलेलं सगळं बाहेर काढतो. एक रॅम, प्रोसेसर आणि एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठा, बाकी काही नाही. रॅमच्या सोनेरी कडांवरून शाळेतला खोडरबर हलक्या हातानं फिरवतो, फुंकर मारतो, दोन्ही बाजूंचे खटके वाजेपर्यंत दाबतो. तरीही पडदा काळाच राहिला, तर बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काढून थोड्या वेळानं परत लावतो, म्हणजे बायोस जुन्या सगळ्या सेटिंग विसरतो. सुरू झालं की एकेक भाग परत, आणि प्रत्येक भागानंतर एकदा बटण. एका वेळी एकच बदल. घाईत तीन भाग बदलणाऱ्याला तीन दिवस लागतात, ते यामुळेच.

मुद्दा माणसाच्या घाईपुरताच असता, तर अग्रलेखाची गरज नव्हती. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. सुटे भाग, पुस्तिका, सेवा केंद्रं यांची चर्चा तिथं होते, ती व्हायलाच हवी. पण दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे निदान, आणि निदानाची पहिली अट म्हणजे यंत्रानं कुठं दुखतं ते सांगणं. अडल्याची खूण दाखवणारे चार दिवे सर्वांत स्वस्त बोर्डावरही असावेत. त्या खुणांचा अर्थ खोक्यावरच छापलेला असावा. कोणता प्रोसेसर कोणत्या बायोसवर चालेल, हे विक्रीच्या वेळी सांगणं दुकानदाराचं कर्तव्य मानावं. यात नवं काही नाही. 1981 साली ज्या यंत्राला सोळा केबी मेमरी पुरत होती, ते यंत्रही आपली तक्रार स्वतः सांगत होतं.

तोवर त्या दुकानातली एक सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे. खणात स्क्रू, जंपर आणि जुन्या सेलांच्या गर्दीत त्या माणसानं एक बझर जपून ठेवलेला असतो, करंगळीच्या नखाएवढा, दोन वायरींचा. कुणाच्या तरी जुन्या कॅबिनेटमधून तो काढलेला असतो. मुकं यंत्र टेबलावर आलं की तो बझर बोर्डाच्या पिनांवर खोचतो, बटण दाबतो आणि कान देतो. तीन बीपा आल्या की त्याचा हात रॅमकडे जातो. यंत्राचा काढून घेतलेला आवाज दिवसभर असा उसना फिरत राहतो, एका बोर्डावरून दुसऱ्या बोर्डावर.