तिसरी दीर्घिका कुठे गेली?

गेल्या मार्चमधली गोष्ट. धारवाडला आमच्या गच्चीवर दादाने आणि मी सहा इंची दुर्बीण लावली. सिंह राशीतलं त्रिकूट टिपायचं होतं. एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८ या त्या तीन दीर्घिका, आपल्यापासून सुमारे साडेतीन कोटी प्रकाशवर्षं दूर. मार्चमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास सिंह रास आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येते, म्हणजे संधी चांगली होती. ३० सेकंदांचे १२० फोटो काढून संगणकावर एकावर एक रचले. असं केलं की अंधुक प्रकाश साठत जातो.

दोन दीर्घिका दिसल्या. तिसरीच्या जागी नुसता राखाडी डाग. आहे म्हटलं तर आहे!

दादा म्हणाला, "कॅमेरा जुना झालाय." पण पुढच्याच आठवड्यात कलघटगीजवळ मामांच्या शेतावर तीच दुर्बीण, तोच कॅमेरा, तेवढेच फोटो, आणि तिसरी दीर्घिका लांबट, मधल्या काळ्या धुळीच्या पट्ट्यासकट समोर आली. बदललं होतं ते फक्त आकाश.

१७८० मध्ये मेसिएने या त्रिकूटातल्या दोन दीर्घिका आपल्या यादीत घेतल्या, तिसरी त्याच्या नजरेतून निसटली. ती विल्यम हर्शेलला १७८४ मध्ये, मोठ्या दुर्बिणीतून सापडली. मेसिएची दुर्बीण लहान होती. आपली अडचण वेगळी आहे. आपण दिवे वर आकाशाकडे सोडतो, हवेतली धूळ तो प्रकाश पसरवते, आणि प्रत्येक फोटोत दीर्घिकेआधी हुबळी-धारवाडचा उजेड भरतो.

हे घरी बोलले तर आई म्हणाली, "म्हणजे दिवे नकोत का गं? रात्री क्लासवरून येताना कोण घाबरतं?" मीच घाबरते. म्हणून दिवे बंद करा असं मी म्हणतच नाही. पण समोरच्या इमारतीचा फ्लडलाइट थेट डोळ्यांत येतो आणि त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात कोण उभं आहे ते दिसतच नाही. तोच दिवा टोपी घालून खाली वळवला तर रस्ताही नीट दिसेल, वीजही कमी लागेल.

हे होऊ शकतं. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे वळवले गेले.

आपल्याला वाघांचं जंगल नको, कॉलेजपासून सुरुवात पुरे. मैदानावरचे मोठे दिवे खेळ संपल्यावर बंद व्हावेत, वाटेवरच्या दिव्यांना टोप्या बसाव्यात. मराठी मंडळाने विज्ञान शाखेच्या मुलांना सोबत घेऊन तसा अर्ज द्यावा, पहिली सही माझी.

आणि येत्या मार्चमध्ये आमच्या गच्चीवर या. तिसरी दिसते का, मिळून बघू.