पोथीआधीची कविता

मराठी कवितेचा आरंभ कोठे, असे विचारले की आपण मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' आणि ११८८ हे साल लिहून मोकळे होतो. माझ्या मते हा आरंभ पोथीचा आहे, कवितेचा नव्हे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात (इ. स. ११२९) महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे पोथीत शिरण्यापूर्वीच ओवी मुसळाच्या घावावर चालत होती. ज्ञानदेवांनी १२९० मध्ये गीतेचा अर्थ सांगण्यासाठी ओवीच निवडली, यात नवल ते काय?

दूरच्या फिलिपिन्समध्येही असेच घडले. १५६५ पासून तेथे स्पॅनिश सत्तेने मूळ धरले. त्याआधी त्या लोकांना बायबायिन नावाची लिपी होती. परंतु लिहायचे ते बांबूसारख्या नाशवंत वस्तूंवर. त्यामुळे लिहिलेले फारसे उरले नाही, गायलेले उरले. डोंगरातील इफुगाव लोकांच्या स्त्रिया भाताच्या कापणीला 'हुधुद' ही दीर्घ आख्याने गात आल्या. २००१ साली युनेस्कोने त्यांचा गौरव केला. पण जे परक्या सत्तेला साधले नाही ते यंत्राला साधू लागले आहे. हाताची कापणी मागे पडली, तसे गाणेही मागे पडू लागले.

आपल्याकडे पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. ते थांबले हे बरेच झाले. पहाटे उठून ज्यांनी कधी दळण दळले नाही, त्यांनी जात्याचे गोडवे गाऊ नयेत! मात्र कष्टांबरोबर कविताही केरात का जावी? सासरचा जाच, माहेरची ओढ, पाठचा भाऊ, पंढरीचा विठोबा हे सारे ज्या दोन-तीन ओळींत मावले, ती कविता नव्हे तर काय?

कोणी म्हणेल, ते लोकसाहित्य, साहित्य निराळे. मग बहिणाबाई चौधरींचे काय? त्यांना अक्षरओळख नव्हती. १९५१ मध्ये त्या वारल्या आणि पुढल्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, कारण घरातल्या मुलाने ती टिपून ठेवली होती. ज्यांच्या घरी असा टिपणारा निपजला नाही, अशा बहिणाबाई किती असतील?

पोथ्या जपण्यात पुण्याचा हात कोण धरील? भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, भांडारकर संस्था १९१७ ची. याच पुण्यात राहून गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पण स्नेहसंमेलनात रंगमंचावर जाते मांडून नऊवारीत छायाचित्रे काढणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांपैकी त्या कितीजणांनी वाचल्या?

आमच्या वर्गात मुळशी, मावळ, भोरहून आलेली मुले-मुली आहेत. सुट्टीत घरी जाताना प्रत्येकाने एक वही न्यावी. आजीला आठवेल तेवढे, ती म्हणेल तसेच उतरवून घ्यावे. तिची भाषा 'शुद्ध' करू नये. आणि वर तिचे नाव घालावे. आजवर 'अज्ञात स्त्री' एवढीच ओळख पुष्कळ झाली.