गॉर्गनचे रक्त आणि वैद्याची जीभ

ग्रीक पुराणातील राक्षस आपल्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत आजही सुखाने नांदत आहेत. यकृताच्या जुनाट विकारात नाभीभोवती फुगणाऱ्या शिरांना आपण ‘कॅपुट मेड्युसी’ म्हणतो. मेड्युसा या गॉर्गनच्या मस्तकी केसांऐवजी सर्प होते. दोन्ही पाय जोडलेल्या अर्भकाच्या व्यंगास सायरेनवरून ‘सायरेनोमेलिया’, तर एकाक्ष अर्भकाच्या व्यंगास सायक्लॉप्सवरून ‘सायक्लोपिया’ हे नाव पडले. जन्मजात व्यंगांच्या शास्त्राचे ‘टेराटॉलॉजी’ हे नावच मुळी ‘टेरास’, म्हणजे राक्षस किंवा अशुभ चिन्ह, या ग्रीक शब्दापासून १८३० च्या दशकात घडविण्यात आले.

ही नावे विद्यार्थ्यांच्या चटकन स्मरणात राहतात. मीही ती मोठ्या हौसेने शिकवीत असे. एकदा प्रसूतिकक्षात असे एकाक्ष अर्भक जन्मले आणि काही मिनिटांतच गेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईच्या खाटेपाशी उभा राहून मी विद्यार्थ्यांना सायक्लॉप्सची कथा सांगितली. बोलणे इंग्रजीत होते. परंतु ‘मॉन्स्टर’ हा शब्द कळायला इंग्रजी फारसे यावे लागत नाही. आम्ही निघताना ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, माझं बाळ राक्षस होतं का?” मला उत्तर सुचले नाही. मी पुढच्या खाटेकडे वळलो.

म्हणून ही नावे हद्दपार करावीत, असे माझे म्हणणे नाही. सिंह, शेळी आणि सर्प यांचे मिश्रण असलेली कायमेरा भयंकर खरी. पण अस्थिमज्जा-प्रत्यारोपणानंतर ‘संपूर्ण कायमेरिझम’ असा अहवाल आला की आज आपण आनंदतो. सायक्लॉप्सचीही तीच गोष्ट. अमेरिकेतील आयडाहो प्रांतात मेंढ्यांना एकाक्ष कोकरे होऊ लागली, तेव्हा गर्भधारणेच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास खाल्लेली व्हेराट्रम ही वनस्पती त्यास कारण असल्याचे आढळले. तिच्यातील विषाला ‘सायक्लोपामिन’ हे नाव मिळाले. ते पेशींमधील हेजहॉग संदेशवहन रोखते, हे पुढे उमगले. आणि तेच संदेशवहन रोखणारे व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२ मध्ये त्वचेच्या एका कर्करोगावर अमेरिकेत मान्य झाले. गर्भवतीला मात्र ते आजही वर्ज्यच आहे.

अथेना देवीने वैद्यराज अस्क्लेपियसला गॉर्गनचे रक्त दिले, अशी कथा ॲपोलोडोरसच्या नावावरील ग्रंथात आहे. डाव्या बाजूच्या शिरांतील रक्त मारक, उजवीकडील तारक. आपल्या परिभाषेचेही तसेच आहे. वर्गात जो शब्द ज्ञान देतो, तोच खाटेपाशी घाव घालतो. तेव्हा माझे आग्रहाचे सांगणे एवढेच की, या कथा व्याख्यानकक्षात अवश्य रंगवाव्यात. रुग्णापाशी मात्र बाळाला ‘बाळ’च म्हणावे आणि झाले ते आईच्या भाषेत सांगावे.

त्या माउलीला मी एवढे तरी सांगायला हवे होते : “नाही हो, ताई. ते तुमचं बाळच होतं. पोटात असताना अगदी सुरुवातीलाच त्याच्या मेंदूची वाढ नीट झाली नाही. तुम्ही काही पाप केलंत म्हणून हे घडलेलं नाही.” हे बोलायला अर्धा मिनिटही लागला नसता.