डॉकेट क्रमांक घेतला का?

मोबाईलला रेंज नसणे ही आता फक्त बोलण्यातली अडचण राहिलेली नाही. बँक, आधार, पोरांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळीकडे ओटीपी लागतो. भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत तो वेळेवर येत नाही आणि भरलेला अर्ज वाया जातो.

'आपल्या मोहल्ल्याकडे कंपन्या मुद्दाम बघत नाहीत' हे चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येते. असेलही. पण तक्रार नोंदवून तिचा क्रमांक कोणाकडे आहे, असे विचारले की सगळे गप्प. हेल्पलाइनवर 'फोन बंद करून चालू करा' हे ऐकायचे, चार शिव्या घालायच्या, झाले. कंपन्यांना याहून सोयीचा ग्राहक कुठे मिळणार?

ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक द्यावाच लागतो. काम झाले नाही, तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. हे दुसरे दार आहे हे हेल्पलाइनवाला आपणहून सांगत नाही. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे अर्ज धाडणे व्यर्थ. ग्राहक न्यायालयाचा रस्ता मात्र २००९ च्या एका निकालाने अडला होता, तो सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मोकळा केला.

'पोर्ट कर' हा सल्ला फुकट मिळतो. आधी शेजाऱ्याच्या फोनवर दुसऱ्या कंपनीची रेंज घरात बसून बघावी, कारण एकदा गेलात की ९० दिवस परत फिरता येत नाही. बाजारातला बूस्टर तर परवान्याशिवाय बेकायदाच, शिवाय आजूबाजूच्यांची रेंजही तो बिघडवतो.

आणि टॉवर येणार म्हटले की रेडिएशनच्या भीतीने विरोधाला उभे राहणारेही आपणच! भारतातली मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. शंका असेल तर मोजणी मागावी. टॉवर नको आणि रेंज हवी, हे कसे जमणार?

एका माणसाची तक्रार 'हँडसेटचा दोष' म्हणून मिटवता येते. एकाच गल्लीतून, जागा आणि वेळ सांगून, वीस नंबरांवरून आलेल्या तक्रारी तशा मिटवणे कठीण. जुम्याच्या नमाजनंतर पोरे मशिदीबाहेर उभी असतातच. म्हाताऱ्या चाचांच्या फोनवरून तक्रार नोंदवून क्रमांक कागदावर लिहून द्यायला त्यांना कितीसा वेळ लागेल?