उरलेल्यांचा निकाल

शाळेचा निकाल किती टक्के लागला, एवढे विचारले की आपल्याकडे शाळेची तपासणी संपते. मला विचारायचे आहे, निकाल लागला कोणाचा? सहावीच्या दिवाळीनंतर जी पोरगी परत आलीच नाही, तिचा निकाल कोणत्या रकान्यात लिहिला?

आमच्या छत्रपती संभाजीनगरात (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) महानगरपालिकेच्या शाळांचा विषय निघाला की अधिकारी, पुढारी, पत्रकार आणि आपल्या चळवळीतल्याही काही जणी एकच सूर लावतात. दर्जा नाही, पट नाही, मग चालवायच्या कशाला?

वस्त्यांमधल्या कामामुळे मी या शाळांच्या पाचवी ते आठवीच्या वर्गांत जाऊन बसते. बाकांवर नारेगाव, मिसारवाडी, किराडपुरा, मुकुंदवाडीकडच्या पोरी असतात. आई धुणीभांडी करते किंवा कचरा वेचते, बाप बांधकामावर नाहीतर वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर. बौद्ध, मुस्लिम, मातंग, भटक्या जमातींच्या या मुली. २०११ च्या जनगणनेत या शहरात सुमारे ३१ टक्के मुस्लिम आणि १५ टक्के बौद्ध होते. महागड्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसमध्ये हे प्रमाण कोणी मला दाखवून द्यावे.

आणि या पोरींचे भाऊ कुठे असतात? किती तरी घरांत भाऊ गल्लीतल्या इंग्रजी शाळेत, कर्ज काढून फी भरलेला. बहीण मनपाच्या शाळेत, कारण तिथे पैसे लागत नाहीत. तो म्हातारपणी सांभाळणार, ही परक्याचे धन. मग पटावर मुली जास्त दिसल्या की अहवालात ‘मुलींच्या शिक्षणात समाधानकारक प्रगती’ असे छापून येते. बायांनो, ही घरातली वाटणी आहे. शेत भावाला, इंग्रजी भावाला.

या शाळांतून शिकवणे उत्तम चालते असे मी म्हणणार नाही. २०२२ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या साधारण ७० टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला, भागाकार तर ४५ टक्क्यांनाच. त्यात खाजगी शाळांची मुलेही होती, हे मात्र कोणी सांगत नाही. शिवाय ती पाहणी खेड्यांची. शहरातल्या झोपडपट्टीतली पोरगी तिच्या कक्षेतच येत नाही. तिच्याबद्दल जे काही आहे ते शाळेच्या कागदात, आणि तो कागद फसवतो. समजा पाचवीत ५० मुली होत्या, आठवीला ३० उरल्या आणि तिसाच्या तीस पास झाल्या. शाळा म्हणणार, निकाल १०० टक्के. वीस जणी गाळून मिळवलेले हे शंभर!

त्या का गळतात, हे हजेरीपटच सांगतो, कोणी वाचला तर. या शहरात वर्षानुवर्षे नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांआड पाणी आले. जायकवाडीसारखे धरण पैठणला असूनही. पाण्याच्या दिवशी हंडे कोणी भरायचे? भावाची बस चुकवता येत नाही, कारण तिचे पैसे भरलेत. पाळीचे दिवस वेगळेच. मी पाहिलेल्या एका शाळेची पाटी नव्या नावाने रंगली, मुलींच्या संडासाच्या दाराला मात्र आतून कडी नाही. सरकारने १९९२ साली गरीब घरच्या मुलींना पहिली ते चौथीसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. तीस वर्षांनंतरही तो एक रुपयाच होता. चौथीनंतर, म्हणजे पोरगी घरकामाला खरी उपयोगी पडू लागते तेव्हा, तोही बंद.

पुढचा खड्डा सातवीचा. आपल्या बऱ्याच सरकारी शाळा सातवीलाच संपतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत हमी दिली, पण राज्याच्या नियमात सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरपर्यंत असली तरी चालते. खेड्यातल्या मुलीला एसटीचा मोफत पास तरी आहे. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला जालना रस्ता ओलांडून तीन किलोमीटर पाठवायला वस्तीतली कोणती आई धजेल? उर्दू माध्यमाची शाळा आणखी लांब असली तर विषयच संपला. मग स्थळ येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २२ टक्के निघाल्या. शेजारच्या बीडमध्ये ४४, परभणीत ४८. २०२३ पासून राज्याने पाचवी आणि आठवीला पुन्हा नापास करायचे ठरवले आहे. नापास मुलगा त्याच वर्गात परत बसेल. नापास मुलीचे काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे.

सरकारचा दुटप्पीपणा पाहायचा तर २०२४ चे दोन महिने पाहा. फेब्रुवारीत नियम केला की किलोमीटरभरात सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेने गरिबांना २५ टक्के जागा देण्याची गरज नाही. म्हणजे सरकारी शाळा चांगली, पुरेशी! जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला म्हणून बरे. आणि मधे मार्चमध्ये संचमान्यतेचे नवे निकष आले, ज्यांनी कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांतल्या शिक्षकपदांवरच कात्री चालवली. गणित-विज्ञानाचा शिक्षक काढायचा, उरलेल्याला निवडणुकीच्या याद्यांना जुंपायचे, आणि वर्षअखेर पोरींना भागाकार येत नाही म्हणून शाळेलाच दोषी धरायचे.

‘दर्जा नसलेली शाळा बंद झाली तर बिघडले काय’ असे विचारणाऱ्या मैत्रिणींना माझे सांगणे आहे: भावाची शाळा बंद होत नाहीये. तुमच्या-माझ्या मुलांचीही नाही.

शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असे लिहिले आहे. बहुतेक ठिकाणी त्यांच्या फक्त सह्या घेतात, त्याही कधी नवऱ्यामार्फत. येत्या जूनमध्ये आपल्या गटांनी वस्तीतल्या या सदस्य बायांना गाठावे. तीन वर्षांपूर्वीच्या पाचवीची यादी मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावी आणि एकेक नाव वाचून विचारावे, ही कुठे आहे? हिच्या घरी कोण गेले होते? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. तोवर शाळा दुसरीत मिसळण्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नये.