टकटक ऐकू येण्यापूर्वी

आमच्या बडोद्यात गाण्याचा नाद असलेल्या जुन्या मराठी घरांतून हल्ली एक वस्तू हमखास आढळते : कपाटात, हातरुमालात गुंडाळून ठेवलेली एक काळी डबी. ही हार्ड डिस्क. घरोघरचे स्पूल आणि कॅसेटी संगणकावर उतरवून घेण्याची लाट मध्यंतरी येऊन गेली. त्या लाटेत आजोबांच्या, मामांच्या, गुरुजींच्या बैठका या डबीत जाऊन बसल्या आणि कलेचे जतन झाले अशी सर्वांची समजूत झाली. माझ्या मते तेव्हा फक्त जागा बदलली, आणि नवी जागा जुनीपेक्षा अधिक दगाबाज आहे.

माझे वडील संस्थानच्या अखेरच्या वर्षांत, मिसरूड फुटण्यापूर्वीच, दरबारात सारंगीच्या साथीला लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा. दरबार मी पाहिला नाही, त्यांचे स्पूल मात्र पाहिले. टेप म्हातारी होते ती माणसासारखी. खरखर वाढते, वरचे स्वर मंदावतात, एखाद्या तानेत खाडा पडतो. फीत तुटली तर पट्टी लावून जोडता येते. बुरशी धरलेल्या फितीतूनही गवयाचा आवाज ओळखू येतो. डिस्कचे तसे नाही. तिच्यातल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेतात, आणि वाचणारे हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस त्याहून हजारो पटींनी जाड. ते हेड तबकडीस टेकले की तेथले लिखाण खरवडून निघते. मग खरखर नाही, अस्पष्ट आवाजही नाही, काहीच नाही.

गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांस येथे एक सोय आहे. ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणून तिची गुणगुण खर्जात, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अगदी मधोमध लागते. पेटीवर तो स्वर सापडावयाचा नाही, पण कान त्याला चटकन सरावतो. त्या गुणगुणीत टकटक मिसळू लागली, चक्र थांबून पुन्हा फिरू लागले, किंवा कालपर्यंत झटकन उघडणारी फाइल रेंगाळू लागली, तर ती धोक्याची घंटा समजावी. तथापि घंटा वाजेलच असे नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क आपल्या प्रकृतीच्या नोंदी स्वतःच ठेवीत असते. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळली की पुढल्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याचा संभव इतरांच्या ३९ पट, असे त्यांना दिसले. पण बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी महत्त्वाच्या चारही नोंदींत चकार शब्द काढला नव्हता!

आणि जिने कुरकुर केली तिच्याशी लोक नेमके नको ते वागतात. दुरुस्तीची आज्ञा देतात. ती आज्ञा आजारी तबकडीवर नवे लिहू लागते. एकेक फाइल उघडून ‘हे तरी वाजते का’ पाहत बसतात. कोणी शीतपेटीत ठेवावयास सांगतो (आत दव धरते), कोणी घरीच उघडतो (आत धूळ जाते). टकटक येत असेल तर वीज काढावी, पुन्हा लावूच नये, आणि निर्धूळ खोलीत डिस्क उघडणाऱ्या जाणकाराकडे ती द्यावी. खर्च पुष्कळ येतो. नुसती मंदावली असेल तर तिच्यावर नवे काही न लिहिता, जे जगात दुसरीकडे कोठेही नाही ते आधी काढून घ्यावे. बाजारात मिळणारी गाणी राहिली तरी चालतील. संगणकाची माहिती असणारा कोणी जवळ असेल तर डीडीरेस्क्यू नावाचे विनामूल्य साधन आहे. ते सुलभ भाग आधी उतरवून घेते, अडणाऱ्या जागा मागे ठेवते, कोठे अडले याची टिपण ठेवून नंतर तेथे परतते. बंदिश शिकविताना आम्ही याहून निराळे काय करतो?

खरा बंदोबस्त याच्या पुष्कळ आधीचा आहे. प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक गावाबाहेर. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी ज्यांच्या घरांत शिरले त्यांना ही शेवटली अट समजावून सांगावी लागणार नाही. एवढे सोपे असून होत का नाही? कारण प्रत करावयाची म्हणजे ती कोणाला तरी द्यावयाची, आणि आमचे घोडे नेमके तेथे अडते. याच बडोद्यात १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे असलेल्या पंडित भातखंड्यांनी, खानदानी लोक जिवापाड दडवीत त्या चिजा गोळा करून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. शंभर वर्षांनंतर आम्ही पुन्हा चिजा दडवू लागलो आहो, आता डबीत.

एका घरी एका वृद्ध गवयाची दोन तासांची बैठक होती. मी तीनदा प्रत मागितली. ‘बाहेर गेली की बाजारात येईल,’ हे तिन्ही वेळचे उत्तर. पुढे त्यांची डिस्क गेली; दुकानदाराने दुरुस्तीच्या नावाखाली ती दोन दिवस फिरवीत ठेवली आणि उरलेसुरलेही गेले. त्या बैठकीतला केदार मी एकदाच ऐकला आहे. त्याची सुरुवात मला आठवते, तीही पहिल्या आवर्तनापुरती.

वडिलांच्या स्पूलांच्या प्रती माझ्याकडे, पुण्यास बहिणीकडे आणि इंदूरला एका शिष्याकडे आहेत. वर्षातून दोनदा आम्ही त्या उघडून, मधून मधून ऐकून पाहतो. ज्यांस हव्या असतील त्यांनी रिकामी डिस्क घेऊन यावे. रविवारी सकाळी माझी शिकवणी नसते.